पारडीच्या आमच्या आशाताईंना

प्रिय ताई,

विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाल्या असत्या, म्हणून न विचारताच लिहिते आहे. पोरगा झाला तेव्हा आम्ही डागा दवाखान्यात डॉक्टरांना पेढे दिले, सिस्टरांना दिले, वॉर्डातल्या मावशींनाही दिले. तुम्ही त्या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी सुनेला घेऊन सोनोग्राफीच्या रांगेत उभ्या होता. तुमचा पेढा नंतर घरी दिला, पण त्या सगळ्यांपर्यंत आम्हाला कोणी पोचवलं हे चार लोकांसमोर सांगायचं राहून गेलं.

दिवाळीनंतर माझी नोंदणी झाली, तेव्हा तिसरा महिना चालू होता. रक्ताचा रिपोर्ट आला तो असा: हिमोग्लोबिन 8.4 आणि सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह. सासूबाई तिथेच रडायला लागल्या. आपल्या विदर्भात सांधे धरून विव्हळणारं, वारंवार रक्त चढवावं लागणारं माणूस कोणत्या ना कोणत्या नात्यात पाहिलेलं असतंच. तुम्ही त्यांना बाकावर बसवलं आणि सांगितलं की या चाचणीतून रक्तात सिकल आहे एवढंच कळतं, माणूस वाहक आहे की रुग्ण ते पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये समजतं. तो रिपोर्ट 'एएस' आला, म्हणजे मी वाहक: स्वतःला आजार नाही, पण सिकल मुलांकडे जाऊ शकतो. वाहक आजारी नसतो आणि माझं कमी रक्त सिकलमुळे नसून लोहाच्या कमतरतेमुळे आहे, हेही तुम्हीच उलगडून सांगितलं.

खरी कसोटी आमच्या घरधन्याची होती. "दिवसभर कळमन्याच्या बाजारात पोती मोजतो, मला काय झालंय?" असं म्हणून त्यांनी आठवडाभर टोलवलं. तुम्ही रात्री आठला, ते जेवायला बसायच्या वेळी घरी आलात. भीती घातली नाही. त्यांच्याच खिशातली अडतीची पावती मागून घेतली आणि तिच्या मागे चार चौकोन काढले. दोघंही वाहक असले तर दर खेपेला मूल सिकलचा रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के. तसं असेल तर पोटातल्या बाळाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांतच करून घ्यावी लागते, म्हणून घाई. मग म्हणालात, "बाळ काय एकटीचं आहे जी?" दुसऱ्या दिवशी ते कामावर न जाता आधी रक्त द्यायला गेले. रिपोर्ट 'एए' आला, म्हणजे त्यांच्या रक्तात सिकल नाही. बाळ फार तर माझ्यासारखं वाहक होईल, रुग्ण होणार नाही, हे ऐकून सासूबाईंनी तुमच्या हातावर साखर ठेवली होती. ती पावती अजून आमच्या देवघरात आहे. कोणी ठेवली, मला ठाऊक नाही.

ताई, गोळ्या घे, आराम कर, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायच्या. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही, दोन्हींमध्ये दोन तास जाऊ द्यायचे. शी काळी झाली तर घाबरायचं नाही, ती लोहामुळेच होते. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री गाडीवर आली तेव्हा तुम्ही म्हणालात की गोळीनंतर संत्रं खा, त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करतं. नागपूरच्या पोरीला संत्रं खायला सांगावं लागत नाही, पण ते कधी खायचं हे मला पहिल्यांदा कळलं.

महिन्याच्या 9 तारखेला तज्ज्ञ डॉक्टर मोफत तपासतात, ते सुरक्षित मातृत्व अभियान 2016 पासून चालू आहे म्हणे. आमच्या गल्लीत ते कळलं तुमच्यामुळे. तिथे माझ्या माता-बाल कार्डावर जोखमीच्या बाळंतपणाचं लाल स्टिकर लागलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. शेजारणीने तर मूल वाचेल का असंही विचारलं (तिला चांगलं म्हणायचं असेल, पण काही माणसांना चांगलं बोलता येत नाही). तुम्ही म्हणालात की हे स्टिकर बघून कुठल्याही दवाखान्यात तुझ्याकडे आधी लक्ष जाईल, कार्ड लपवू नको. गोळ्यांनी रक्त पुरेसं वाढेना, तेव्हा डॉक्टरांनी आयर्न सुक्रोज हे लोहाचं औषध सलाइनमधून दिलं. त्या प्रत्येक खेपेला तुम्ही सोबत होता. बाळंतपणाच्या आधी हिमोग्लोबिन 10.9 झालं.

माझं माहेर पवनीकडे. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आईचा हट्ट. तुम्ही तिला रीत मोडा असं म्हणाला नाहीत. फोनवर तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, रात्री रक्त लागलं तर गावात कुठून आणाल? आई थोडा वेळ गप्प राहिली. मग स्वतःच गाठोडं बांधून नागपूरला आली आणि सव्वा महिना आमच्या दोन खोल्यांत राहिली. तिने आणि सासूबाईंनी एका चुलीवर डिंकाचे लाडू केले. हा चमत्कार मोजायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

उन्हाळा कठीण गेला. पारा 45 वर आणि मला शेवटचे महिने. दुपट्टा गुंडाळून तुम्ही पायी यायच्या, बीपी बघायच्या, पायावरची सूज दाबून बघायच्या. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहायची नाही, हे तुम्ही मला नव्हे, घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावलं होतं. पिशवी आठव्या महिन्यातच भरून घेतली: धुतलेल्या सुती साडीचे तुकडे, दुपटी, झबली, पॅड, ताट-पेला, कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, पासबुक, आधारच्या झेरॉक्स. मी झेरॉक्सच्याच दुकानात कामाला होते, तरी तुम्ही त्या मोजून घेतल्या. रक्त द्यायला तयार असलेल्या दोघांचे नंबर कार्डाच्या मागे लिहिले. भंडारा रोडवर रात्री ट्रकांची रांग असते, म्हणून यांना एकदा रात्री गाडी काढून डागापर्यंत जाऊन यायला लावलं.

पाणी रात्रीच गेलं. 108 ला फोन झाला, मग तुम्हाला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं, त्यामुळे तेवढं सोडून देते. पोरगा 2 किलो 700 ग्रॅमचा. तासाभरात त्याला चीक पाजला, बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब ची लस तिथेच दिली. औषधं, जेवण, परत घरी आणणारी गाडी, कशाचेही पैसे लागले नाहीत. ते आपल्या हक्काचं आहे, कोणी मागितले तर मला सांग, असं तुम्ही आधीच बजावलं होतं.

आणि त्यानंतरही तुम्ही येतच राहिलात. बेचाळिसाव्या दिवसापर्यंत वजनकाटा घेऊन, बाळाची नाळ बघायला, माझा ताप बघायला. तुम्हा आशांना पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो आणि राज्याचं मानधन वाढवून घ्यायला तुम्हाला आझाद मैदानावर बसावं लागलं, हे मी तेव्हा बातमीत पाहिलं होतं. पण त्यात तुम्हीही असाल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रात्रीच्या त्या फोनचा मोबदला कोणत्या रकान्यात भरतात, ताई?

आता एक काम आहे. माझ्या धाकट्या भावासाठी मुली बघणं सुरू आहे. पत्रिका जुळवायच्या आधी सिकलची चाचणी करून घे, असं मी त्याला सांगितलं. तो चिडला, मग तयार झाला. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला बुधवारी केंद्रावर येते तेव्हा त्यालाही सोबत आणते. त्याच दिवशी रक्त घेतील का, तेवढं विचारून ठेवाल? आणि तो "मला काय झालंय" म्हणाला, तर पावती मी घेऊन येते.

तुमची,
लाल स्टिकरवाली