आई-बाबांना पत्र: माझ्या कॉलेजच्या फीबद्दल

फोंडा,
रविवार

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, माझ्या ऑनलाइन पदवीच्या फीसाठी तुम्ही दादाच्या हाती पाठवलेले दहा हजार मिळाले आणि ते मी तुमच्या खात्यात परत भरले. रागावू नका. फोनवर तुम्ही दोनच गोष्टी विचारल्यात: घरात बसून घेतलेल्या पदवीला कोण विचारतो, आणि पैसे कुठून आणतेस? तेव्हा सासूबाई शेजारी होत्या, कुकर शिट्ट्या मारत होता, काहीच धड सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

पदवीचं आधी. मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर 2022 मध्ये लेखी जाहीर केलंय. मान्यता मात्र हवीच. कुठल्या विद्यापीठाला कुठला कोर्स ऑनलाइन चालवायची परवानगी आहे त्याची यादी यूजीसीच्या साइटवर असते. ती मी एजंटच्या मोबाइलवर नाही, स्वतः उघडून पाहिली. मार्कशीटवर ‘ऑनलाइन’ असं छापून येईल, ते मी कुणापासून लपवणार नाही. आमच्या ऑफिसात वरच्या जागेला पदवीधर पाहिजे एवढाच नियम आहे. जिला व्हाउचर लिहायला मी शिकवलं ती मुलगी आज माझ्या कागदांवर सही करते. तिचा काय दोष, ती बी.कॉम. आहे आणि मी बारावी.

आणि बाबा, ‘घरात बसून’ म्हणजे आरामात, असं समजू नका. गृहपाठ आणि चाचण्यांना 30 टक्के, शेवटच्या परीक्षेला 70. व्हिडिओ मी पणजीच्या बसमध्ये बघते, बाणस्तारीपर्यंत एक होतो. टिपणं मात्र पहाटेच काढावी लागतात, कॉस्ट अकाउंटिंग बसमध्ये उभ्याने होत नाही. परीक्षेला लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवायचा, आधी खोली चारही बाजूंनी दाखवायची, टेबलाखालीसुद्धा. मागच्या पेपरला सासूबाई मायेने चहा घेऊन आत आल्या आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत इशारा आला: खोलीत दुसरी व्यक्ती. त्या कप घेऊन तिथेच थिजल्या. मला हसू येत होतं, पण इकडेतिकडे बघायचीही चोरी. आता पेपर असला की त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि कामवालीलाही हळू बोलायला लावतात.

तुमचे जावई सगळ्यांना सांगतात की मी बायकोला शिकवतोय. शिकवत नाहीत, रात्रीची भांडी घासतात आणि छोटीला झोपवतात. तेही कमी नाही, पण वाक्य दुरुस्त करून घ्यायचंय.

आता पैशाचं. फी सेमिस्टरला सोळा हजार. पिग्मीवाल्याला मी रोज शंभर देते, सहा महिन्यांत तेवढे जमतात. सोळा हजार काही थोडे नाहीत. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण इग्नूतून करतेय, तिला वर्षाला काही हजारांतच भागतं, पण परीक्षेला जून-डिसेंबरात केंद्रावर जावं लागतं. छोटीला सोडून मला ते जमलं नसतं, म्हणून जास्त मोजते.

एका एजंटने मला तीन वर्षांची फी एकदम ‘नो कॉस्ट ईएमआय’वर भरायला सुचवलं होतं. ताई, व्याज शून्य, आजच सीट पक्की करा. मी फॉर्म मागवून शेवटपर्यंत वाचला. तो विद्यापीठाचा नव्हताच, फायनान्स कंपनीचा कर्जाचा करार होता. शिकणं अर्ध्यावर सुटलं तरी हप्ता सुटणार नाही. मी नाही म्हटलं. त्यानंतर आठवडाभर फोन येत होते.

हप्ता काय असतो ते आपल्या घराला कुणी सांगायला नको. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, खनिज वाहणारा आपला ट्रक अंगणात उभा राहिला, टायरांत गवत उगवलं आणि बँकेचा माणूस दर महिन्याला येत राहिला. मी तेव्हा साखळीच्या कॉलेजात एफ.वाय.ला होते. पुढे खाणी सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या, तोवर तुम्ही ट्रक विकला होता. बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत, पण हे दहा हजार त्या वर्षाचे आहेत, नाही का? कॉलेज तुम्ही मला सोडायला लावलं नाहीत. तुम्ही ‘थांब, काहीतरी करू’ म्हणत होतात आणि मी तुम्हाला न विचारता नोकरी धरली. तेव्हा मला तेच बरोबर वाटलं, अजूनही वाटतं. त्याची भरपाई तुमच्याकडून घेणं मला जमणार नाही. ही फी माझी मला भरू द्या.

आई, सरकारच्या दयानंद पेन्शन योजनेचे तुझे महिन्याचे 2,000 तू बाजूला ठेवतेस, असं दादा सांगत होता. ते माझ्यासाठी असतील तर मोड आणि दाताच्या डॉक्टरकडे जा. चवथीला आम्ही येतोय. गणपतीवर माटोळी बांधायला मी आहेच, पण पंचमीला संध्याकाळी निघावं लागेल, असाइनमेंट द्यायची आहे.

वहिनी मला फोनवर अशा पदवीच्या प्रवेशाबद्दल विचारत होती, तिला हे वाचून दाखवा. हॉटेल मॅनेजमेंट किंवा नर्सिंगची पदवी ऑनलाइन देतो असं कुणी म्हणाला तर फोन ठेवून दे म्हणावं, यूजीसीची त्याला परवानगीच नाही. बी.ए., बी.कॉम. जरूर कर. 2024 पासून प्रवेशाआधी एबीसी आयडी (शिक्षणाचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) आणि डेब आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर) काढावा लागतो. तिथे माझं अडलं, कारण बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडला तेव्हा पुढे सरकलं. तिचीही तीच गत असणार. तेव्हा दाखल्याची नक्कल आताच काढून ठेव म्हणावं, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको.

तुमची,
बाय