पायाची जखम रोज धुऊनही का भरत नाही?

संपादक महोदय,

पावसात शेतात, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) अनवाणी वावरताना मधुमेह्याच्या तळपायाला काटा रुततो. पायाची जाणीव गेलेली असल्याने ते कळत नाही आणि चवथ (गणेशचतुर्थी) येईपर्यंत तिथे खोल जखम झालेली असते. मग घरात एकच इलाज: हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचे, फेस आला की जखम साफ झाली असे समजायचे. महिनोन्‌महिने हे चालते आणि ते पाहवत नाही, कारण पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्याने येणाऱ्या पेशीही मारते.

धुवायला मिठाचे पाणी पुरते. लिटरभर पाणी १० मिनिटे उकळून त्यात ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे दीड सपाट चमचे मीठ घालावे, निवल्यावर वापरावे आणि उरलेले ओतून द्यावे. चिकटलेले गॉझ (जखमेवरचे जाळीदार कापड) ओढू नये, आधी भिजवावे. नाहीतर लाल, दाणेदार नवे मांस त्याच्याबरोबर सोलून निघते. भोवतालची त्वचा पांढरी, फुगलेली दिसली तर पट्टी लवकर बदलायला हवी.

मात्र तळव्यावरच्या जखमेवर चालत राहिले तर कितीही महागडे मलम वाया जाते. काहीजण चपलेला भोक पाडतात. मग त्या भोकाच्या कडाच रुततात. भार काढायला हाड मोडल्यावर घालतात तसे प्लास्टर किंवा मापाचे खास पादत्राणच लागते.

जुनी पट्टी काढलेल्या हातमोज्यांनीच स्वच्छ गॉझ उचलणे ही घरोघरी होणारी चूक. मोजे बदलावेत, मध्ये साबणाने ४० सेकंद हात धुवावेत. घाण पट्टी परसात टाकू नये, कुत्री ती ओढत नेतात. कागदात गुंडाळून, पिशवी बांधून कचरा नेणाऱ्यांकडे वेगळी द्यावी.

लाली पसरत असेल, पाय गरम लागत असेल किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ही लक्षणे नसताना अँटिबायोटिक घेतल्याने जखम भरत नाही, औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात.

आरोग्य केंद्रांना विनंती: मलम लिहून देण्याआधी दोन्ही पावलांच्या नाड्या पाहाव्यात, १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने तळव्याची जाणीव तपासावी. नाडी लागत नसेल, म्हणजे पायाला रक्त नीट पोचत नसावे, तर ड्रेसिंगच्या तारखा देत बसू नये, रुग्णाला थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पाठवावे.

- एक निवृत्त परिचारिका, फोंडा