फोटोतली जीप महायुद्धातली नाही, आणि माझी आहे तर तिला रंग लावता येत नाही

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मिल्ट्रीच्या गाड्या जमवणाऱ्या लोकांवर तुम्ही अर्धं पान छापलं होतं, ते मी सकाळी चहाबरोबर एकदा आणि दुपारी चष्मा पुसून परत एकदा वाचलं. विषय घेतलात त्याबद्दल आधी आभार, कारण आमच्या या वेडाची दखल एरवी फक्त घरचे लोक घेतात आणि तीही कुठल्या शब्दात ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण फोटोखाली 'दुसऱ्या महायुद्धातील जीप' असं छापलंय ते चूक आहे साहेब. तिचं बॉनेट बघा, केवढं उंच आहे. ती सीजे थ्री बी, १९५३ ला निघालेलं मॉडेल, तिच्यात उंच इंजिन बसवायचं होतं म्हणून बॉनेट वर उचललं, आणि हीच गाडी पुढं महिंद्रानं लायसन्सवर आपल्याकडं बनवली. म्हणजे तुमच्या फोटोतली जीप फार तर चीनच्या नाहीतर पाकिस्तानच्या लढाईच्या वेळची असेल. हिटलर मेला तेव्हा ती जन्मली पण नव्हती.

चूक काढायची म्हणून काढत नाहीये. अशाच मथळ्यांच्या जोरावर लोक साध्या जीपला 'वर्ल्ड वॉर टू ओरिजिनल' म्हणून दुप्पट-तिप्पट पैशाला विकतात, आणि दुसरीकडं खरी महायुद्धातली चासी भंगारात किलोवर जाते, दोन्ही मी डोळ्यानं बघितलंय. म्हणून ओळखायची कशी ते थोडं सांगतो.

समोरच्या जाळीच्या उभ्या फटी मोजा. युद्धातल्या जीपला नऊ, नंतरच्या सिव्हिल जीपला सात. (युद्धातली जीप बनवणाऱ्या विलीज कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांना पट्ट्या वेल्डिंग केलेली जाळी होती, पण ती तुम्हाला कुठं दिसली तर मला लगेच फोन करा.) युद्धातल्या जीपला मागं खाली पडणारं फाळकं नसतं, तिथं स्टेपनी असते. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली, सीट उचलून पेट्रोल भरायचं. स्टेअरिंग डावीकडं. आणि सगळ्यात भारी म्हणजे हेडलाइट, त्याला बिजागरी असते, एक नट ढिला करून अख्खा दिवा उलटा इंजिनावर फिरवता येतो, म्हणजे रात्री रस्त्यात गाडी बंद पडली तर बॅटरी धरायला दुसरा माणूस नको. मी एसटीच्या वर्कशॉपमधी तीस वर्षं काढली, रात्री तोंडात टॉर्च धरून कामं केलीत, म्हणून हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा काय वाटलं ते मलाच माहीत.

माझी जीप मला २०१५ साली खटाव तालुक्यात एका गोठ्यात मिळाली. जीप म्हणायला चासी, दोन एक्सल आणि अर्धा पत्रा, बाकी कोंबड्यांचं राज्य. मधी कधीतरी ती वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला होती, चासी मागं कापून लांब केलेली, पेट्रोल इंजिन काढून कुठलंतरी डिझेल टाकलेलं. मालक म्हणला घेऊन जा, बैल बांधायला जागा होईल. घरी आणून रॉकेल आणि वायर ब्रशनं एक एक बोल्ट साफ करत होतो तर एका बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी एफ अक्षर. दुसऱ्यावर एफ. मग ब्रॅकेटवर एफ. मी तिथंच शेणात बसलो. कारण एफ म्हणजे फोर्ड, आणि फोर्डनं ही जीप फक्त युद्धातच बनवली.

त्याची गोष्ट अशी की अमेरिकन लष्कराला १९४० मधी हलकी फोर बाय फोर गाडी घाईनं पाहिजे होती, बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं ४९ दिवसात नमुना तयार करून २३ सप्टेंबर १९४० ला पोचवला. पण एवढ्या छोट्या कारखान्याकडून हजारो गाड्या कुठून निघणार, म्हणून मोठं काम गेलं विलीजकडं, त्यांचं इंजिन पण जोरदार होतं, सव्वादोन लिटरच्या आतबाहेर आणि ६० हॉर्सपॉवर. तेवढ्यानं पण भागेना, मग विलीजच्याच ड्रॉइंगवर फोर्डला बनवायला लावली. दोघांच्या मिळून सव्वासहा लाखाच्या वर जीप निघाल्या, आणि एकाचा पार्ट दुसऱ्याला बसलाच पाहिजे ही लष्कराची अट. पण आपला पार्ट कुठला हे कळावं म्हणून फोर्डनं जिथं जागा मिळेल तिथं आपला एफ मारून ठेवला. फ्रेममधी एक फरक अजून, रेडिएटरच्या खालचा आडवा बार विलीजला गोल पाइपचा आणि फोर्डला उलट्या पन्हाळीसारखा. माझ्याकडं पन्हाळी. चासीवर डाव्या बाजूला नंबर ठोकलेला होता, त्यावर ग्रीसचा आणि शेणाचा मिळून बोटभर थर, तो खरवडायला दोन दिवस गेले आणि दोन दिवस मी घरात जेवायला बाहेरच बसत होतो.

अशा गाड्या इकडं आल्या कशा तर युद्ध संपल्यावर डिस्पोजलमधी, म्हणजे लष्कराचा नको असलेला माल विकायला काढला त्यात निघाल्या. आमच्याकडं अजून म्हातारी माणसं कुठल्याही जुन्या दणकट वस्तूला 'डिस्पोजलचा माल' म्हणतात ते तिथूनच. कुणी कंत्राटदारानं घेतली, कुणी बागायतदारानं, निवडणुकीला फिरली, मग उसाच्या शेतात, मग वडाप, मग गोठा.

सहा वर्षं लागली. चासी सरळ करून मूळ मापात आणली, ८० इंच व्हीलबेस. इंजिन मिळालं ते कोकणात एका बंद भातगिरणीच्या मागं, विलीजचं निघालं, पण वर सांगितलं तसं फोर्डला गपचूप बसलं, ८० वर्षांपूर्वीची अट माझ्या कामाला आली. पत्र्याचं काम एका नावाजलेल्या गॅरेजला दिलं आणि तिथं पस्तावलो, नाव लिहीत नाही, त्यांनी मूळ डॅशबोर्डवर अर्धा इंच पुट्टी भरून वर गुळगुळीत केला आणि जुन्या डेटा प्लेटची भोकं बुजवून टाकली, म्हणले काका एकदम शोरूम. ती पुट्टी मी परत छिन्नीनं काढली. शोरूम कुणाला पाहिजे होती? बॅटरी सहा व्होल्टची, दुकानदार म्हणतात बारा करून टाका, मी नाही केली. सेल्फ जरा आळशी फिरतो, फिरू दे.

एक सूचना जो कोणी हे काम करतो त्याच्यासाठी. युद्धातली रिम दोन तुकड्यांची असते, आठ नटांनी जोडलेली. टायरमधी हवा असताना ते नट अजिबात सोडू नका, रिमचा तुकडा तोफेच्या गोळ्यासारखा येतो. आधी व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण घालवा. एसटीत स्प्लिट रिमनं काय होतं ते मी बघितलंय, जास्त लिहीत नाही.

आणि पेट्रोलमधी मिसळलेलं हे इथेनॉल. जुन्या पेट्रोल पंपाचा रबरी डायफ्राम आणि पाइप त्यानं फुगतात, चिरतात. माझे दोन डायफ्राम गेले. आमच्याच उसाचं इथेनॉल आमच्याच जीपचं काळीज खातंय, आता तक्रार कुणाकडं करायची, ऊस तर माझा पण जातो कारखान्याला.

आता मुद्द्यावर येतो, ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं. जीप तयार आहे, चालू आहे, आणि दीड वर्षं झालं रेड ऑक्साइडमधी, म्हणजे रंगाच्या आधी मारायच्या लाल अस्तरात उभी आहे. गावात पोरं तिला 'कुंकवाची जीप' म्हणतात. कारण मोटार वाहन नियमातला १२१ नंबरचा नियम, संरक्षण खात्याची सोडून दुसऱ्या कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. आणि ही जीप कारखान्यातून निघाली ती ह्याच रंगात, मॅट, अजिबात चकाकी नाही, कारण चकाकली तर विमानातून दिसायची.

बरं, २०२१ च्या जुलैमधी सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले, ते चांगले आहेत, मी स्वतः वाचले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी, नव्या नोंदणीला २० हजार फी, दहा वर्षं मुदत, पुढं नूतनीकरणाला पाच हजार, नव्या नोंदणीच्या नंबरात व्हीए अक्षरं, आणि आधीच नोंदणी असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. गाडी रोज फिरवायची नाही, धंद्याला तर नाहीच, रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला एवढंच. कबूल, मला कुठं भाजी आणायला न्यायचीय. पण त्यातली मुख्य अट काय, तर गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिन यात मोठे बदल नकोत. म्हणजे एक नियम म्हणतो मूळ ठेव आणि दुसरा म्हणतो मूळ रंग लावलास तर बघ. मी आमच्या भागातल्या संबंधित कार्यालयात विचारलं, तिथला माणूस सज्जन होता, त्यानं दोन्ही नियम वाचले, हसला आणि म्हणला काका, तुम्ही पिवळी करा ना, छान दिसेल.

१२१ चा नियम चुकीचा आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. नव्या कोऱ्या गाडीला हिरवा रंग मारून, काचेवर 'आर्मी' चिकटवून टोलनाक्यावर मिशीला पीळ देणारे महाभाग आम्हाला पण माहिती आहेत आणि त्यांना दंड झालाच पाहिजे, सैनिकाची गाडी कुठली हे रस्त्यावर एका नजरेत कळलंच पाहिजे. पण जी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदलीय, जिच्या चासीवर नंबर आहे, स्टेअरिंग डावीकडं आहे, ताशी पन्नासच्या वर गेली तर बोल्ट गोळा करायला मागं माणूस ठेवावा लागतो, तिच्यातून कोण कुणाला फसवणार? अशा गाडीपुरती रंगाची सूट नोंदणी पुस्तकातच लिहून द्यावी, एवढीच मागणी. आज काय होतं तर रॅलीत हिरव्या जीप दिसतात, त्यांच्याबरोबर पाहुणे फोटो काढतात, आणि तीच जीप घरी परत जाताना चौकात अडवतात. माझ्या एका मित्राला असंच तासभर उन्हात उभं केलं. त्याच्याशेजारी मोडीफाय केलेली, हात हातभर रुंद टायरची, क्रोमवाली जीप भुर्र निघून गेली, ती निळी होती ना.

कुणी म्हणेल अहिल्यानगरला टँक म्युझियम आहे की, तिथं जाऊन बघा. आहे, १९९४ पासून, आणि ज्यानं बघितलं नसेल त्यानं पोरांना घेऊन जरूर जावं, रोल्स रॉइसची चिलखती गाडी पण आहे तिथं. पण इंजिनाचा आवाज, गरम तेलाचा वास हे म्युझियममधी मिळत नाही. माझे चुलत आजोबा इटलीत ड्रायव्हर होते, तिकडं डोंगरात रस्ता संपला की जीप आणि जीप संपली की खेचर असं ते सांगायचे, त्याच मुलखात आपल्या यशवंत घाडग्यांना १९४४ मधी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांनी लढाईबद्दल कधी काही सांगितलं नाही, क्लचबद्दल मात्र तासन् तास बोलायचे.

तुमच्या लेखात हा 'श्रीमंतांचा शौक' असं म्हणलंय, तर ज्याच्याकडं जीपचे पैसे नाहीत त्यानं सायकल घ्यावी की. ब्रिटिश लष्कराच्या सायकलींवर आणि सामानावर बाणाची खूण ठोकलेली असायची, जुन्या सायकलचा गंज घासताना ती दिसली तर घासणं थांबवा. पुण्यातल्या एका स्नेह्याकडं बीएसए या ब्रिटिश कंपनीची छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकल आहे, मधला दांडा एक जाड नसून दोन बारीक, बदामासारखे वळवलेले, हातानं फिरवायचे पंखवाले नट सोडले की मधून दुमडते, पायडलच्या जागी नुसत्या दांड्या, त्या आत सरकवल्या की सायकल चपटी. वजन १४-१५ किलो. १९४२ ते ४५ मधी ७० हजारच्या आसपास बनवल्या. त्या सायकलवर त्यांचा दीड वर्षाचा नातू पुढं बसून अंगणात फिरतो. आणि सायकल म्हणजे किरकोळ असं समजू नका, जपान्यांनी मलाया सायकलवरच घेतला, टायर फाटले तर नुसत्या रिमवर चालवायचे, रात्री डांबरावर त्या शेकडो रिमांचा खडखडाट ऐकून समोरच्यांना रणगाडे आले असं वाटायचं म्हणतात, आणि त्या समोरच्यांत आपली हिंदी पलटणच जास्त होती. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. स्वित्झर्लंडनं तर १९०५ ची सायकल १९८९ पर्यंत बनवली, तेवीस-चोवीस किलोची, एकच गिअर, आणि त्या चालवायला आल्प्सचे चढ.

पत्र लांबलं, कात्री लावा, पण रंगाचा मुद्दा कापू नका.

आपला,
एसटीतून रिटायर झालेला एक मेकॅनिक
कोरेगाव, जि. सातारा

ता. क. : माझ्या जीपच्या डाव्या हेडलाइटची बिजागरी अजून मिळालेली नाही, सध्या तिथं दाराची लावलीय. कुणा वाचकाच्या माळ्यावर, गोठ्यात पडली असेल तर तुमच्या कार्यालयाकडं कळवावं, मी एसटीनं येऊन घेऊन जाईन, बदल्यात सीजे थ्री बीचा चांगला कार्बोरेटर देईन. फोटोतल्या जीपवाल्यांना तर तो लागणारच.