मा. शिक्षणमंत्री महोदय, आमच्या पोरांच्या लाटा पागोळीखाली भिजल्या

मा. मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार. मी कोकणात समुद्राकाठच्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते, १९ वर्षं झाली. तुमच्या कामाचा व्याप मला माहीत आहे, पण सोमवारी जे झालं त्यानंतर गप्प बसवत नाही म्हणून लिहितेय.

सोमवारी शाळेत गेले तर चित्रकलेच्या खोलीला नवं कुलूप. आमचं सगळं सामान व्हरांड्यात काढलेलं, अर्धं तर पागोळीखालीच. खोलीत टॅबचे खोके ठेवायचे असा वरून आदेश आलाय. रांगोळीच्या पिशव्यांचा चिखल झाला होता, स्पीकरमध्ये पाणी गेलं होतं, आणि नववीतल्या एका मुलीनं दोन महिने खपून केलेल्या लाटेच्या तक्त्याचा निळा रंग ओघळत फरशीवर आला होता. ती शेजारीच उभी होती, काही बोलली नाही, नुसतं ओढणीनं पुसत राहिली. मला हे विसरता येत नाही साहेब.

ते सामान काय होतं ते सांगते, कारण बाहेर काढणाऱ्याला ते भंगार वाटलं असणार. पाण्याच्या बाटलीच्या बुचाला भोक पाडायचं, आत रांगोळी भरायची आणि बाटली उलटी करून दोरीनं टांगायची. तिला झोका द्यायचा आणि खालून काळा कागद आडवा ओढत न्यायचा. कागदावर पांढरी लाट उमटते, अगदी पुस्तकातल्यासारखी. दोरी १ मीटर असली की एका पूर्ण झोक्याला साधारण २ सेकंद लागतात, म्हणजे कागद सेकंदाला वीतभर ओढला तर एक लाट दोन विती लांब. कागद जोरात ओढा, लाट लांबते. दोरी पाव मीटर करा, झोका निम्म्या वेळात होतो आणि लाट वीतभरच उरते. तरंगलांबी (एका लाटेची लांबी), वारंवारिता (सेकंदाला किती लाटा), आयाम (मधल्या रेषेपासून लाटेची उंची) हे शब्द पोरं घोकून घोकून विसरतात, इथे ती विती मोजून सांगतात. विज्ञानात दोनदा नापास झालेला एक मुलगा, वडील ट्रॉलरवर असतात त्याचे, तो मला म्हणाला, "बाई, जाळ्याचा बोया पण असाच वरखाली करतो, किनाऱ्याला येत नाय, मग लाट येते ती काय येते?" मी त्याला बोया बघून चित्र काढायला सांगितलं. त्यानं खोल पाण्यातला बोया काढला, एकाखाली एक सहा चित्रं, आणि बोया एका जागी गोल फिरतो हे त्यानं स्वतः शोधलं. पाणी जवळपास तिथेच राहतं, पुढे जाते ती ऊर्जा, हे वाक्य त्याला मग मी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्यानं ते फक्त वहीत उतरवून घेतलं असतं.

दुसरा प्रयोग पत्र्याचा. पातळ पत्रा मधोमध स्पीकरवर बसवायचा, वर रांगोळी भुरभुरायची आणि आवाजाची पट्टी हळूहळू चढवायची. एका पट्टीला रांगोळी नुसती उडते, आणि अचानक पुढच्या एखाद्या पट्टीला सरकून नक्षी होते. पत्रा जिथे थरथरत नाही तिथे ती गोळा होते. जर्मनीच्या क्लाड्नी नावाच्या शास्त्रज्ञानं १७८७ मध्ये हे छापलं, तो पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज फिरवायचा. त्याचं पुस्तक फ्रेंचमध्ये यावं म्हणून नेपोलियननं ६००० फ्रँक दिले. आपल्या सी. व्ही. रामननी १९३४ मध्ये मृदंग-तबल्यावर लिहिलं तेव्हा पुडीवर बारीक वाळू टाकूनच तिची कंपनं दाखवली आणि पुडीवरच्या काळ्या शाईमुळे तबला सुरात कसा बोलतो ते जगाला सांगितलं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तुमचं खातं त्याच रामनच्या फोटोला हार घालायला लावतं, आणि त्यांच्या वाळूचा प्रयोग आमच्या शाळेत पावसात पडतो.

दोन वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनात तुमच्या खात्याचे एक मोठे साहेब आमच्या टेबलाशी वीस मिनिटं थांबले होते. त्यांनी स्वतः बाटलीला झोका दिला, फोटो काढले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की ही खोली मी कला आणि विज्ञानाची प्रयोगशाळा करून देतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मी तीन अर्ज केले, पोच आहे माझ्याकडे. उत्तर आलं ते हे कुलूप. आणि आठवड्याचे माझे दोन तास होते त्यातला एक सराव चाचणीला दिला.

मी स्वतःसाठी मागत नाही, पण आता लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. पहिली आठ वर्षं मी विनाअनुदानित शाळेत फुकट राबले, घर नवऱ्याच्या रिक्षावर चाललं. मुलगा दवाखान्यात होता तेव्हा माझ्या खात्यात साडेचारशे रुपये होते. कार्डपेपर, रंग, तो स्पीकर, सगळं माझ्या पैशाचं, आजवर चाळीस-पन्नास हजार तरी गेले असतील. मतदार यादीची (बीएलओची) ड्युटी मला, सर्वेक्षण मला, "आज ४ वाजेपर्यंत माहिती भरा" हा मेसेज दुपारी तीनला मला. कंबर गेलीय. आणि वर ऐकायचं काय, तर चित्रकला म्हणजे काय, मोकळा तास!

ओळखीच्या १२ शाळांना मी फोन लावले, ७ ठिकाणी चित्रकलेचा शिक्षकच नाही, रिटायर झाला की पद गेलं. राज्याचा आकडा तुमच्याकडे असेलच, तो एकदा लोकांसमोर ठेवा. शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यात सहावी ते आठवीला शंभराच्या वर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक लिहिलाय. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सगळे विषय कलेतून जोडून शिकवा असं लिहिलंय. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के खर्च करू हे तर १९६८ च्या धोरणापासून लिहितायत, तेव्हा माझा जन्मही नव्हता. कागदावर सगळं आहे हो, आणि शाळेत एक खोली राहू देत नाही! सरकार कुणाचंही येऊ दे, आमच्यापर्यंत पोचतो तो फक्त आदेश, आणि तो काढणाऱ्यानं वर्गात पाऊल कधी टाकलेलं असतं कोण जाणे. गरिबाच्या पोरानं सराव चाचणीत गोल काळे करायचे आणि हातानं करून बघायचं ते फी भरणाऱ्यांच्या पोरांनी, हे मला मान्य नाही.

माझं मागणं एवढंच आहे. खोली परत द्या, टॅबचे खोके ऑफिसात मावतात, मी मोजून बघितलंय. माझा काढलेला तास परत द्या. रिकामी पदं भरा, मानधनावर नको, पूर्ण पगारावर. आणि विज्ञान शिक्षक व चित्रकला शिक्षकाचं एक प्रशिक्षण एकत्र घ्या, आमच्या शाळेत घ्या, पोरं शिकवतील तुम्हाला.

मंगळवारी नववीचा तास आहे. तोपर्यंत कुलूप निघालं नाही तर बाटली मी व्हरांड्याच्या वाशाला टांगणार आहे. रांगोळी नवीन आणलीय, पाच किलो.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका