मानेचा विषय काढायचा नव्हता

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की मध्येच कट झाला, यावर आईचं आणि माझं अजून एकमत नाही. ती म्हणते कट झाला. असो. ‘बाबा, मी चौतीस वर्षांची आहे, आणि आमच्या टीममध्ये कुणीच नेक गार्ड घालत नाही,’ हे तुझं शेवटचं वाक्य. तेव्हा मानेचा विषय काढायचाच नाही असं ठरवून लिहायला बसलोय. आइस हॉकीचं सगळं सामान जमिनीवर मांडून तू जो फोटो पाठवलास, त्याच्यापुरतंच बोलतो.

आधी स्केट, कारण बाकी थोडं इकडेतिकडे झालं तर निभावतं, स्केट चुकले की खेळच नकोसा होतो. तू रोजच्या बुटाच्या नंबराचे घेतलेस ना? बदलून आण. हॉकीचे स्केट साधारण एक ते दीड नंबर लहान लागतात. पाय घातल्यावर टाच जमिनीवर आपटून मागे नीट बसव, मग लेस बांध आणि उभी राहा. सरळ उभं असताना बोटांची टोकं पुढे जेमतेम टेकायला हवीत आणि गुडघे वाकवले की सुटायला हवीत. वाकूनही चेपत असतील तर लहान. टाच उचलली जात असेल तर तो जोड कितीही आवडला तरी ठेवून ये. आणि लेस बांधण्याआधी बुटाची जीभ पुढे ओढून वरून तिसऱ्या भोकांवर आडवी पेन्सिल ठेवून बघ. ती दोन्ही कडांवर सपाट बसली पाहिजे. मध्ये पायाला अडून डुगडुगली तर बूट उथळ आहे, थोड्याच दिवसांत घोट्याच्या पुढचा भाग ठणकायला लागेल. तुझा पाय आईवर गेलाय, वरून उंच, म्हणून मुद्दाम सांगतोय.

दुकानात बूट ओव्हनमध्ये तापवून देतात, ते करून घे. गरम असताना लेस वर खेचायच्या नाहीत, बाजूला खेचायच्या, नाहीतर भोकांच्या रिंगा निघून येतात. मग पाय न हलवता बसून राहायचं, उठून चालायचं नाही. एवढा वेळ तू एका जागी बसशील यावर माझा विश्वास नाही, पण बस.

नव्या स्केटना धार नसते, ती लावून घ्यावी लागते. पात्याच्या तळाला लांबीभर खाच पाडतात. अर्धा इंच त्रिज्येची मागशील तर मध्यम. खाच खोल असली की बर्फ चांगलं पकडतं, पण घसरण कमी होते आणि पाय लवकर भरून येतात. पाच अष्टमांश, म्हणजे जरा उथळ, तीही एकदा करून बघ. धार नीट लागली का, हे नखाच्या पाठीवर पातं हलकेच ओढलं की कळतं, पांढरा पापुद्रा निघतो. बारा खेळाडूंची अशी चोवीस पाती एका वेळी बर्फावर फिरत असतात, आणि पडणाऱ्याचा पाय कुठे उडेल हे त्या पडणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यात तुमच्याकडे निम्मे नवशिके.

बघ, आलोच मानेवर. सोडतो.

ते कुणाचं तरी जुनं हेल्मेट घेतलंयस, ते मला पटलेलं नाही. मागच्या स्टिकरवर तारीख बघ. हॉकीचं सामान तपासणाऱ्या एचईसीसी या संस्थेची मान्यता हेल्मेट बनवल्यापासून साडेसहा वर्षंच असते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २०१५ मध्ये हॉकीच्या हेल्मेटची चाचणी करून पहिल्यांदा तारे दिले, तेव्हा पाच तारे एकालाही मिळाले नव्हते. आता बरी हेल्मेटं आहेत, त्यांची यादी बघून घे. पट्टा बांधून डोकं जोरात हलव, कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. आणि केज, म्हणजे पुढची जाळी, पूर्ण चेहऱ्याची. सोमवारी ऑफिसात दात लागतात.

शोल्डर पॅड आणि पँट जुनी चालेल. नडगीचे शिन गार्ड मात्र जावईबापूंचे दिसतायत. ते तुला लांब होणार, गुडघ्याची वाटी गार्डच्या वाटीत बसायला हवी. सगळं चढवून घरातच गुडघ्यांवर बस, हात वर कर, पालथी पड. ग्लोव्ह आणि एल्बो पॅडच्या मध्ये मनगट उघडं पडतं का, पँट आणि शिन गार्डच्या मध्ये मांडी दिसते का, ते त्यांनाच बघायला सांग. स्टिकही त्यांचीच, हो ना? फ्लेक्स, म्हणजे स्टिकच्या ताठपणाचा आकडा, साधारण आपल्या पौंडातल्या वजनाच्या निम्मा धरतात, आणि ती कापून आखूड केलीस तर आणखी ताठ होईल. वाकणारच नाही अशी स्टिक घेऊन पक मारायला गेलीस की मनगटं तुझीच दुखणार.

फार शिकवायला लागलो. माफ कर. तुझ्या लेस मी बांधायचो ना, ती सवय जात नाही. तू बाकावर बसून पाय हलवत राहायचीस, वेदांत मागून ‘चल ना, चल ना’ करायचा, आणि माझी बोटं गारठून लाल. हनुवटीला टाके पडले तेव्हा गाडीत तू रडली नाहीस. ‘आपण जिंकलो का?’ विचारलंस. मला त्या वेळी स्टिअरिंग धरवत नव्हतं, हे आईलाही माहीत नाही. टाके हनुवटीला होते, मनू. तीन बोटं खाली सरक आणि विचार कर.

आता काढलाच आहे विषय तर पुरता बोलतो. ॲडम जॉन्सन २९ वर्षांचा होता. २८ ऑक्टोबर २०२३, इंग्लंडमधलं शेफील्ड, समोरच्याच्या स्केटचं पातं मानेला लागलं आणि तो गेला. व्यावसायिक खेळाडू, हजारो लोकांसमोर. त्यानंतर इंग्लिश आइस हॉकी असोसिएशनने १ जानेवारी २०२४ पासून नेक गार्ड सक्तीचं केलं, मोठ्यांनाही. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो टीमचा गोलकीपर क्लिंट मलार्चुक याची मानही पात्याने कापली, पण तो वाचला, कारण ट्रेनर जिम पिझुटेली व्हिएतनाममध्ये सैनिकांवर उपचार केलेला माणूस होता. त्याने धावत येऊन मानेतली शीर हातानेच दाबून धरली. तुमच्या रात्री साडेदहाच्या मॅचला बाकावर कोण असतं? रेफरी आणि रिंक बंद करायला थांबलेला मुलगा.

सक्ती नाही म्हणतेस, ते मान्य. पण तुझ्या टीममधल्या कुणाच्या हनुवटीला मी हात लावून बसलेलो नाही. गळ्याभोवती नुसती फोमची पट्टी घेऊ नकोस. कापलं न जाणाऱ्या धाग्याचं, खाली गळ्याच्या हाडापर्यंत येणारं घे. घालून छताकडे बघ, दोन्ही खांद्यांवरून मागे बघ. कातडी उघडी पडली तर दुसरं. घुसमटलं तर तेही नको, कारण मग तू ते बॅगेतच ठेवशील. मला माहीत आहेस तू.

व्हिडिओ आईने मोठ्या स्क्रीनवर लावला. तू उलटी स्केट करत आलीस आणि वळलीस, एक पाय दुसऱ्यावरून टाकत, ते मी परत परत लावून बघतोय. शाळेत असताना हे तुला डावीकडून जमायचंच नाही. कधी शिकलीस? मला सांगितलंही नाहीस. आत्याला फॉरवर्ड केलाय, रागावू नकोस. तिने विचारलं, ही कोण?

आईच्या डोळ्याचं सोमवारी आहे, काळजी नको, वेदांत येतोय. बॅग घरी आल्या आल्या उघडून सगळं टांगून वाळव. पाती पुसल्यावर कडक कव्हर चढवू नकोस, गंज धरतो, कापडी घाल. शुक्रवारची मॅच किती वाजता आहे ते कळव आणि स्कोअरही पाठव, हरलात तरी.

तुझा,
बाबा