विजेतीच्या खेळाबद्दलही लिहा

महोदय,

आपल्या क्रीडापानावर अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलवर लेख आला, त्याबद्दल आभार. या खेळाला एवढी जागा क्वचितच मिळते. पण लेखात लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या एंजल रीसची ओळख ‘वादग्रस्त विजेती’ अशी करून दिली आहे आणि छायाचित्रही निवडले ते चेहऱ्यासमोर हात हलवतानाचे. अंतिम सामन्यात ती खेळली कशी, यावर एक ओळ नाही. मी विद्यापीठाच्या संघात सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी खेळाडू होते, आता मुलींना हा खेळ शिकवते. त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवले नाही.

२ एप्रिल २०२३ रोजी डॅलसमध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाने आयोवा विद्यापीठाला १०२-८५ असे हरवले. महिला बास्केटबॉलमधले हे त्यांचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद. महिलांच्या अंतिम सामन्यात एखाद्या संघाने शंभरी ओलांडल्याचीही ती पहिलीच वेळ. रीसने १५ गुण आणि १० रिबाऊंड (हुकलेल्या शॉटनंतर चेंडू ताब्यात घेणे) मिळवले. गुण आणि रिबाऊंड दोन्ही दोन आकडी करण्याची तिची त्या मोसमातली ही ३४वी खेप होती, आणि एका मोसमापुरता तो विक्रम ठरला.

रिबाऊंड म्हणजे काय, हे कोर्टवर उतरल्याशिवाय कळत नाही. शॉट सुटला की प्रेक्षकांची नजर चेंडूबरोबर वर जाते. सेंटर मात्र आधी अंगावर येणारी खेळाडू शोधते. तिला पाठीवर घ्यायचे, गुडघे वाकवून कंबर खाली ठेवायची, बरगडीत कोपर बसले तरी जागा सोडायची नाही, चेंडू रिंगवरून कुठे उडेल याचा अंदाज घ्यायचा आणि मग उडी. रीस स्वतःचा हुकलेला शॉटसुद्धा पुन्हा उडी मारून मिळवते, तो हुकला तर परत उडी मारते. त्या मोसमात सामन्यामागे तिची सरासरी १५ रिबाऊंडच्या वर होती. माझ्या मुलींना मी तिचे व्हिडिओ दाखवते ते यासाठी.

आणि रीसची संघसहकारी जस्मिन कार्सन? बेंचवरून येऊन तिने पहिल्या हाफमध्येच २१ गुण केले. सामना तिथेच आयोवाच्या हातून निसटू लागला होता. वादाच्या गदारोळात तिचे नावही कुणाच्या लक्षात राहिले नाही.

आता त्या हातवाऱ्याबद्दल. सामना संपत आला तेव्हा रीसने आयोवाची खेळाडू केटलिन क्लार्क हिच्यासमोर तो ‘मी तुला दिसणारच नाही’ अशा अर्थाचा हातवारा केला आणि मग अंगठीच्या बोटाकडे खूण केली, कारण विजेत्यांना अंगठी मिळते. हाच हातवारा क्लार्कने आठवडाभर आधी लुइव्हिल विद्यापीठाविरुद्ध केला होता. तेव्हा लोकांनी तिची जिद्द वाखाणली, ज्याची ही लकब त्या अमेरिकन कुस्तीपटू जॉन सिनानेही तिची पाठ थोपटली. रीसला मात्र त्याच रात्री नामवंत भाष्यकारांनी शिव्या घातल्या. क्लार्क गोरी, रीस कृष्णवर्णीय. दुसरे कुणी हेच केले तर तुम्ही काही बोलत नाही, असे रीसने पत्रकारांना तोंडावर सुनावले, आणि ते खरेच होते. खुद्द क्लार्कने दोनच दिवसांनी सांगितले की रीसवर टीका होऊ नये. जी हरली तिची तक्रार नव्हती. मग कांगावा कुणासाठी चालला होता?

याची किंमत त्या मुलीने मोजली. वर्षभराने, १ एप्रिल २०२४ ला, आयोवाकडून ८७-९४ असे हरल्यावर ती पत्रकारांसमोर रडली. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, विजेतेपदानंतर आनंद असा मिळालाच नाही, असे तिने सांगितले. तेव्हा ती २१ वर्षांची होती. माझ्याकडे शिकून गेलेल्या कितीतरी मुली आज त्याच वयाच्या आहेत. त्यांच्यापैकी एखादी जिंकून घरी आली आणि तिच्या वाट्याला हे आले, तर ती पुन्हा कोर्टवर पाय ठेवेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

भांडणामुळेच प्रेक्षक येतात, असे आपल्या लेखकाने सुचवले आहे. २०२३ चा अंतिम सामना सुमारे ९९ लाख लोकांनी पाहिला आणि २०२४ ची ही लढत सुमारे १ कोटी २३ लाखांनी, हे मान्य. पण त्याच आठवड्यात आयोवा आणि साउथ कॅरोलायना यांचा अंतिम सामना झाला. त्यात रीस नव्हती आणि असला कुठला वादही नव्हता. तरी प्रेक्षक सुमारे १ कोटी ८७ लाख होते, त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा सुमारे ४० लाख जास्त. लोकांना खेळ बघायचा आहे.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी या स्पर्धेची बातमी देताना सोबत कुणी किती गुण आणि किती रिबाऊंड मिळवले, याचा तक्ता छापा. चार ओळींची जागा लागेल. आणि रीसचे छायाचित्र द्यायचे असेल तर रिंगखाली चेंडू पकडतानाचे द्या.

– एक माजी बास्केटबॉलपटू व प्रशिक्षक