मान्यता मागून येते

मान्यतेशिवाय देश नाही, असा सूर लावणारा आपला अग्रलेख वाचला, पटला नाही. अमेरिका खंडांतील देशांनी केलेल्या १९३३च्या माँटेव्हिडिओ करारात देश ठरण्यासाठी लोकसंख्या, भूभाग, सरकार आणि परराष्ट्र संबंध ठेवण्याची क्षमता एवढेच निकष आहेत. देशाचे अस्तित्व इतर देशांच्या मान्यतेवर अवलंबून नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. (आमच्या कोल्हापूर संस्थानाकडे गादी, कचेऱ्या, न्यायालये सारे होते, चौथा निकष, म्हणजे परराष्ट्र संबंध, मात्र इंग्रजांच्या हाती!) बांगलादेशाला भारताने ६ डिसेंबर १९७१ रोजी मान्यता दिली. १९७२ मध्ये चीनने नकाराधिकार वापरला आणि संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व १९७४ पर्यंत लांबले. दरम्यान तिथे स्वतःचे चलन आले, राज्यघटना झाली, १९७३ मध्ये निवडणूकही पार पडली. त्या तीन वर्षांत बांगलादेश नव्हताच, असे आपण म्हणणार का?

— एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर